ते वय नव्हतंच

४ जून
अजून एक आजोबा यादीतून गळले! बीपीची गोळी घेतात हे आज सांगितलं. वय वाढतं तसं झोपेत हृदयाच्या ठोक्यांचं काय होतं, हा आमचा अभ्यास — आणि सत्तरीपुढचं निरोगी माणूस मिळेल तर शपथ! प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासूबाई आहेत ना? साधा ताप नाही त्यांना."

५ जून
सासूबाई तयार. "मला काय, मी झोपलेलीच असते हल्ली!" हसल्या, पण खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या तेव्हापासून असंच. बसल्या बसल्या डोळे मिटतात, बोलता बोलता धागा सुटतो. जन्मभर शिवणक्लास चालवलेली बाई, परवा सुईत दोरा ओवेना. नवरा म्हणतो, "वय झालं तिचं." मीही तेच म्हणते.

६ जून
त्यांच्या छातीला पट्ट्या मीच चिकटवल्या. त्यांना गुदगुल्या! यंत्र उद्यापर्यंत अंगावर. "घड्याळासारखं चाललंय ना गं?" म्हटलं, घड्याळासारखं नकोच. निरोगी हृदय जरा खोडकर — श्वास घेतला की पळतं, सोडला की रेंगाळतं. वयाबरोबर ती खोडी कमी होते.
"म्हणजे माझ्यासारखंच," म्हणाल्या.

८ जून
आलेख उघडला तर मध्येच सपाट रेघ. वाटलं, पट्टी सुटली. पण बाकीच्या पट्ट्यांवरही तेच! झोपेत तर होतंच, भरदुपारी खुर्चीतसुद्धा — ठोका नाही, नाही, नाही… पाच सेकंद! आम्ही जिला डुलकी म्हणायचो, ती ही!
बाईंनी बघितलं आणि ताडकन उठल्या. "घरी फोन कर. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

९ जून
पेसमेकर बसला. सुखरूप. नवरा बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

१० जून
ते आजोबा गळले नसते तर? त्यांच्या गोळीचे उपकार कसे फेडू!

२ जुलै
सासूबाईंची जीभ परत चालू झालीय! नवऱ्याचा नवा शर्ट बघून, "ही बाही कुणी जोडली रे? माझ्या क्लासात उसवायला लावली असती!" आणि लावलीच उसवायला. जेवताना हसून हसून ठसका लागला आम्हाला. मेंदूला रक्त पुरत नव्हतं, एवढंच. दोन वर्षं आम्ही वयाच्या नावावर खपवलं.
बाईंचे आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "ते राहू दे. निरोगी माणूस अजून हवंच आहे!"

१९ जुलै
सासूबाई आज आपल्या घरी परत गेल्या. एकट्या, हट्टाने. सोमवारपासून क्लास उघडतायत. दारात माझा चेहरा दोन्ही हातांत धरला — "तू मला माझी मी परत दिलीस गं." मी हसत हात हलवला. मग त्यांच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसले. आई, इतक्यात बऱ्या का झालात!