अ‍ॅल्स्टनचा माड

जेसप्स, नेव्हिस
४ मार्च २०१३

चि. शेरिस हिस अ. उ. आशीर्वाद.

जमैकाला जाऊन दोन महिने झाले आणि पत्र एकच. फोन करू नकोस म्हटलं ते मला नीट ऐकू येत नाही म्हणून, रागावून नव्हे. शेती शिकायला समुद्र ओलांडून गेली आणि अजून चिखलात पाय घातला नाही, असं शेजारचा ऑस्मंड गावभर सांगत फिरतो. त्याचं तोंड बंद होईल असं काहीतरी लिही.

इकडे ऊन कडक आहे. दारापुढच्या अ‍ॅल्स्टनच्या माडाचे कोवळे नारळ गळताहेत, फुलोराही काळा पडलाय. पाणी कमी पडत असेल म्हणून रोज दोन बादल्या ओततो. तुझा माड शेजारीच आहे, त्याला काही नाही. तुम्हा दोघांची नाळ मीच पुरली आणि वर रोपं मीच लावली. तुझा भाऊ होडी घेऊन गेला त्याला सहा वर्षं झाली, तरी मी लोकांना हेच सांगतो, की माड हिरवा आहे तोवर पोरगा कुठेतरी धडधाकट आहे.

जेवत जा.

तुझा बाबा


सेंट मेरी, जमैका
१९ मार्च २०१३

ती. बाबांना सा. न. वि. वि.

ऑस्मंडकाकांना सांगा, गुडघाभर चिखलात आहे. शेती आणि गावचं जगणं दोन्ही कळावं म्हणून कॉलेजनं मला मिस आयव्हरीनकडे ठेवलंय. सत्तरीची बाई, पण मला पळवते. माझा कोयता बघून म्हणाली, की नेव्हिसमध्ये यानं लोणी कापता का.

बाबा, तुमचं पत्र चारदा वाचलं. कोवळे नारळ गळणं आणि काळा फुलोरा ही तहान नव्हे. हा पिवळा रोग आहे आणि यावर इलाज नाही. काही महिन्यांत शेंडा गळून नुसता खांब उरेल. मिस आयव्हरीनचे एका सालात चाळीस माड गेले. लक्षण दिसताच झाड तोडून जाळलं, तर बाकीचे वाचण्याची आशा असते. घरामागच्या तीस माडांवर तुमचं सगळं चालतं.

अ‍ॅल्स्टनचा माड तोडा, बाबा. हे लिहायचं धाडस मला दोन दिवस होत नव्हतं.

तुमची शेरिस


जेसप्स
२ एप्रिल

शेरिस,

आज आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. तुला झाडं जगवायला शिकायला पाठवलं होतं. भाऊ मेला असं सरळ लिहायची हिंमत नाही, म्हणून रोगाचं नाव सांगतेस. होडी सापडली नाही, तो सापडला नाही. मी कुणाला त्याच्या नावानं प्रार्थना म्हणू दिली नाही, आता स्वतः कुऱ्हाड उचलू?

शेतकी ऑफिसचा माणूस येऊन तेच बोलला. त्याला फाटक दाखवलं. खालची पानं पिवळी झालीत, पण ती उन्हानं.

बाबा


सेंट मेरी
१५ एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

होय, अ‍ॅल्स्टन गेला. सहा वर्षं मी हे बोलले नाही, कारण तुम्ही अन्न सोडाल अशी भीती वाटायची. मलाही तो हवा आहे, बाबा. पण माडामुळे तो गेला नाही आणि माड ठेवून येणार नाही.

मिस आयव्हरीननं लेकीच्या नाळेचा माड स्वतःच्या हातानं तोडला होता. त्या दिवशी ती सकाळपासून रडत होती. संध्याकाळी कॅनडातून लेकीचा फोन आला, रताळ्याच्या पुडिंगमध्ये नारळ किती घालायचा हे विचारायला.

माझाही माड तोडावा लागला तर तोडा. मी असेन.

तुमची शेरिस


जेसप्स
६ मे

चि. शेरिस हिस पोटभर आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच धर.

शनिवारी माड तोडला. कुऱ्हाड ऑस्मंडची, पण पहिला घाव मी घातला. शेजारी मदतीला आले ते काळे कपडे घालून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणू का विचारलं, मी हो म्हटलं. मग बकऱ्याचा रस्सा, आपलं गोट वॉटर, शिजवलं. सगळे जेवले आणि अ‍ॅल्स्टनच्या खोड्या आठवून हसले. मीही हसलो, मग रडलो. शेंडा जाळून राख त्याची होडी लागायची तिथे पाण्यात सोडली.

मागचे माड अजून ठीक आहेत. तुझ्या माडाखाली मी रोज सकाळी जाऊन उभा राहतो. फुलोरा निरोगी पिवळाच आहे, काळा पडलेला नाही. झाडाचा आणि माणसाच्या जिवाचा संबंध नसतो, हे तू मला पटवलंस. तरी पत्राच्या पहिल्या ओळीत तू बरी आहेस एवढं लिहीत जा. बाकीची शेती मग वाचीन.

तुझाच,
बाबा