कव्हर एक, आत दुसरंच

४ फेब्रुवारी

आज रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

दमेकऱ्याची रेकॉर्ड काढली. दमेकरी म्हणजे तो सॅक्सोफोनवाला, ज्याचा दोन सुरांमधला श्वास ऐकू येतो. खरं नाव आता मला वाचता येतं. पण लग्न झालं तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून जॅझवाल्यांना आम्ही घरचीच नावं ठेवली. ती चिकटली ती चिकटलीच.

सुई टेकवली. आणि पियानो!

वाटलं, आपलेच कान गेले. उचलून लेबल वाचलं. गुरगुऱ्या — वाजवता वाजवता घशात गुरगुरतो तो. दमेकऱ्याच्या कव्हरात गुरगुऱ्या!

ह्यांच्या हातून? जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, केसाएवढा फरक चालायचा नाही. मी एकदा कात्री शेल्फावर ठेवली तर दोन दिवस घुश्शात. त्यांच्या हातून?

५ फेब्रुवारी

गुरगुऱ्याचं कव्हर उघडलं. आत तिसरंच.

६ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांच्या शिवणकामाला हात लावला नाही. वरचा कप्पा अख्खा काढून पाहिला. एक रेकॉर्ड धड जागेवर नाही. मोठ्या बँडच्या कव्हरात एकट्या पियानोची. पियानोच्या कव्हरात ती बाई — जी गाते असं हे म्हणायचे आणि भांडते असं मी म्हणायचे.

कधी झालं हे? शेवटच्या दिवसांतच. त्याआधी मीच किती वेळा धूळ पुसायला काढल्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं.

म्हणजे विसरायला लागले होते. आणि मला पत्ता नाही.

७ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. रेकॉर्डांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे लक्षणच असतं. माझ्या मैत्रिणीचे सासरे चपला फ्रीजमध्ये ठेवायचे."

"चपला वेगळ्या," मी म्हटलं.

"हृदय कमजोर होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. डोक्याकडे कोण बघणार? मला एकदा तुझ्या नावाने हाक मारली होती त्यांनी."

"माझ्या नावाने ते मांजरालाही हाक मारायचे."

हसली नाही. "तू रोज बरोबर होतीस, आई. तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

वाईट हेतूने बोलली नाही. पण फोन ठेवल्यावर तेवढंच वाक्य घरात राहिलं.

१० फेब्रुवारी

आठवत बसते. पायांना सूज आल्यावर त्यांचं बाहेर जाणं बंदच झालं. मी दुपारी गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला जायची. परत यावं तर हे शेल्फासमोर खुर्ची ओढून बसलेले, आणि बाजूला त्यांचे मित्र क्रेनवाले भाऊजी. मी आत आले की दोघं चिडीचूप! चोरी पकडल्यासारखे. काय चाललंय विचारलं तर म्हणायचे, "धूळ पुसतोय."

मला वाटायचं, आजाराचं बोलत असतील. आता कळतं. कुठली कुठे ठेवायची ते आठवत नसणार. मित्राला विचारत असतील. मित्राला सांगितलं, मला नाही.

एवढी वर्षं एका ताटात नाही, पण एका खोलीत जेवलो. माझ्यापासून काय लपवायचं होतं?

११ फेब्रुवारी

ठरवलं. सगळ्या जागच्या जागी लावायच्या. त्यांची अब्रू आहे ती. उद्या कोणी पाहुणा येऊन एक उघडेल आणि म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता.

१५ फेब्रुवारी

एक चुकीची सापडली की तिचं कव्हर शोधायचं, त्यात दुसरी, मग तिचं कव्हर. उसवलेला धागा ओढत जावं तसं. कंबर धरली. दुसरा कप्पा झाला.

कव्हरांच्या पाठी वाचत बसले, मग वेळ गेला. मी इंग्रजी शिकले ती ह्याच पाठींवर. शाळा चौथीत सुटलेली. हे कामावर गेले की एका हातात कव्हर, एका हातात शब्दकोश. पहिला शब्द कुठला लागला असेल? श्वास! दमेकऱ्याच्या पाठीवरचा. संध्याकाळी सांगितलं तर हे उठून उभेच राहिले.

१८ फेब्रुवारी

आमचा खेळ आठवला आणि हातातलं काम सुटलं.

जेवणं झाली की हे रेकॉर्ड लावायचे, कव्हर पाठीमागे लपवून. मी यंत्राकडे पाठ करून शिवत बसायची. आधी वाद्य ओळखायचं, मग माणूस. चहा नंतर. हरेल त्याने कप विसळायचे. पहिली काही वर्षं मीच विसळले. मग पारडं फिरलं. "तुला उगाच शहाणी केली!" म्हणत मोरीत उभे राहायचे, आणि तिथूनही कान इकडेच.

त्यांना ओळखायला लावण्यात अर्थ नव्हता. सूर लागायच्या आधीच्या खरखरीवरून त्यांना कळायचं. म्हणून लावणारे नेहमी ते, ओळखणारी मी.

आता कव्हर मीच काढते. ओळखायचं काय राहिलं?

२१ फेब्रुवारी

दवाखान्यातलं शेवटचं बोलणं डोक्यातून जात नाही. मी पायांना तेल लावत होते. म्हणाले, "घरी गेलीस की एखादी लाव." मी चिडले. म्हटलं, तुम्ही इथे, आणि मी घरी गाणी लावू? लोक काय म्हणतील? ते हसले. म्हणाले, "लावून तर बघ."

तेव्हाही डोकं ताळ्यावर नसेल का? त्या हसण्यात मी होते, की दुसरंच कोणी?

एवढंच कळायला हवंय मला. बाकी काही नको.

२४ फेब्रुवारी

तिसरा कप्पाही झाला. बाई आपल्या घरी, गुरगुऱ्या आपल्या घरी. खालचा कप्पा तेवढा राहिला. गुडघा वाकत नाही. दोन दिवस थांबते.

शेल्फ कसं ताठ दिसतं आता! त्यांनी बघायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

क्रेनवाले भाऊजी आले. हे गेले तेव्हा ते पाय मोडून मुलाकडे पडले होते, फोनवर नुसते रडले होते. आज काठी टेकत जिना चढले. जन्मभर क्रेनवरून खाली ओरडायची सवय, आवाज तसाच — बसायच्या आधीच, "काय वहिनी, किती बरोबर आल्या?"

"काय किती?"

"ओळखलेल्या हो! की सगळे कप तुम्हीच विसळताय?"

मला काही कळेना. मग त्यांचं लक्ष शेल्फाकडे गेलं. एक कव्हर उपसून आत पाहिलं. दुसरं. तिसरं. तोंड उतरलं.

"सगळ्या लावल्यात जागेवर?"

"लावल्या. ह्यांना आठवत नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं, मलाच —"

"त्याला आठवत नव्हतं?" काठीच आपटली त्यांनी. "अहो, त्याला कुठली कुठे घातली ते शेवटपर्यंत पाठ होतं! खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. ही त्या बाईच्यात घाल. नको, तिथे ती लगेच ओळखेल, खाली घाल. मी म्हटलं, लिहून ठेवू का? म्हणाला, लिहू नकोस, ती हुडकून काढेल. बाई भांडते म्हणता ना तुम्ही? ती कुठे लपवायची यावर आम्ही दोघं अख्खी दुपार भांडलो!"

मी त्यांनी उपसलेली कव्हरं गोळा करायला लागले.

मग आवाज पहिल्यांदाच उतरला त्यांचा. "म्हणाला, माझ्यामागे तिला लावून कोण देणार? कव्हर हातात आलं की खेळ संपला. म्हणून सगळी उलटापालट. म्हणाला, पहिली लावेल, मला शिव्या घालेल. दुसरी लावेल, मग तिच्या लक्षात येईल. वहिनी, मीच दगड. फोनवर तरी सांगायचं."

"लक्षात नाही आलं," मी म्हटलं.

चहा केला. कप त्यांनी विसळले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

२८ फेब्रुवारी

मोठ्या बँडमध्ये एकटा पियानो — ती थट्टा होती! आणि मी त्यावर रडत बसले. दमेकऱ्यात गुरगुऱ्या! लहान मुलासारखे हसले असतील.

डोकं ठिकाणावर होतं. दवाखान्यात हसला तो माझाच नवरा होता.

आणि मी त्यांनी लावलेलं सगळं एकेक करून मोडलं. नीट, निगुतीने, गुडघे दुखवून. असं कोणी करतं का?

लेकीला फोन केला. सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, "मी पुन्हा उलटसुलट करून देऊ, आई?"

नको म्हटलं. तिच्या हातचं ते तिचं असेल.

२ मार्च

दुपारी गुडघ्यापायी लावायच्या राहिलेल्या खालच्या कप्प्यातली एक काढली. डोळे मिटून. चाचपडत लावली, यंत्राकडे पाठ केली.

ट्रम्पेट. तोंडाला बूच लावलेला. माणूस कोण, ते मोठ्याने सांगितलं.

लेबल पाहिलं नाही. डोळे मिटूनच त्याच कव्हरात परत घातली.

कप तसाच ठेवला आहे. विसळायचा कोणी, ते अजून ठरायचं आहे.