धाकटीचा हिरवा डबा

सिंदेवाही, मंगळवार, संध्याकाळ

आज मी मुद्दाम केलं. इथे तरी खरं लिहिते.

माझी धाकटी जाऊ प्रज्ञा मागच्या आठवड्यात नागपूरहून आली आणि सासूबाईंसाठी ग्रीन टीचा हिरवा डबा ठेवून गेली. वजन उतरतं, साखर ताब्यात राहते, म्हणाली. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी दोन वर्षं म्हणतेय, बिनसाखरेचा चहा घ्या. तेव्हा काय ऐकलं? "मले काय बिमार समजते का?" धाकटीनं एकदा सांगितलं आणि साखर बंद. तो हिरवा डबासुद्धा फळीवर माझ्या सगळ्या डब्यांच्या पुढे.

प्रज्ञानं बजावलं होतं, गरम पाण्यात दोनच मिनिटं ठेवा, उकळू नका. मी आज तापावरचा भुईनिंबाचा काढा करावा तसा खळखळ उकळला. काळाकुट्ट झाला. पहिल्याच घोटाला थुंकतील आणि हिरवा डबा फळीवरून उतरेल, असं वाटलं होतं.

सासूबाईंनी कप रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"आज लागला कडू. इतके दिस नुसतं पानी होतं. कडू असल तवाच गुन येते."

जन्मभर भुईनिंब पिऊन ताप उतरवलेली बाई. मला हे आधी काऊन सुचलं नाही?

लगेच नागपूरला फोन. "प्रज्ञा, तुह्या चायनं लय बरं वाटून राह्यलं व माय."

फोन ठेवून मला म्हणाल्या, "उद्यापासून असाच उकळत जाय."

हिरवा डबा तिथेच आहे. रोज उकळायचं मी, नाव तिचं.