लाइट आली की ओरडायचं नाही

१४ सप्टेंबर

आलो एकदाचे. मी, एसोसा, शिलाई मशीन, लोखंडी पलंग आणि गरीचं, म्हणजे कसाव्याच्या रव्याचं, पोतं. एवढा संसार एका टेम्पोत मावला. टेम्पोवाल्याने विचारलं, ताई, नवरा कुठे ठेवलात? म्हटलं, तो लिबियाला ठेवलाय बाबा, तिथून पुढे युरोपपर्यंत समुद्र लागतो म्हणतात.

जागा मात्र झकास आहे. पुढे दुकान, मागे खोली, न्हाणीघर स्वतंत्र. बेनिन शहरात एवढ्या भाड्यात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा मिळत नाही. मालक बाहेरगावी असतात, सगळा कारभार म्हाताऱ्या इदेमुदियाकाकांकडे. त्यांनी माझ्या धंद्याचं काहीच विचारलं नाही. एसोसाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोर नीट बोलते ना, आवाज खणखणीत आहे ना, असं विचारलं. म्हटलं, काका, चारच वर्षांची आहे, पण हिचं तोंड बंद करायला पंचायत बसवावी लागेल. ते खूश झाले आणि भाडं आणखी उतरवलं. लेकरू असलेल्या घरात बरकत असते, म्हणाले. अशी माणसं आता उरली नाहीत.

दारासमोरच विजेचा खांब आहे. लाकडी, जुना, वरच्या अंगाला काळा पडलेला, आणि त्यावर तारांचा असा गुंता की कुठली कुणाची ते देवालाही कळू नये. आजवर राहिले त्या मावशीच्या गल्लीतही असंच होतं, ज्याला लागेल त्याने आकडा टाकावा. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

१६ सप्टेंबर

आज भर दुपारी पहिल्यांदा लाइट आली. मी गणवेशाची कॉलर हाताने टाचत होते, तेवढ्यात पंखा फिरला. मायलेकी एकदम ओरडलो, आली रे आली, लाइट आली! हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पोर आधी आईला हाक मारायला शिकतं, मग हे. लाइट आली की अख्खी गल्ली ओरडते. भांडलेले शेजारी ओरडतात, मयत झालेल्या घरातलेही ओरडतात आणि मग परत रडायला बसतात.

इथे कुणीच ओरडलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर घराघरांत पंखे सुरू, थंड पेयांच्या दुकानातला फ्रीज घरघरतोय, आणि माणसं मूग गिळून गप्प. समोरच्या घरातली उवाची आई दारातच उभी होती. मी हसले, तर तिने मान खाली घातली. शिष्ट दिसतात लोक. असोत बापडे. मी इस्त्री तापवली आणि साठलेले सगळे गणवेश उरकले.

२१ सप्टेंबर

शिष्ट म्हटलं ते मागे घेते. एसोसाला रोज कुणी ना कुणी खाऊ आणून देतं. आज उवाच्या आईने गरम अकारे, चवळीची भजी, दिले आणि म्हणाली, तुझी लेक ओरडते फार गोड गं. तिची उवा सात-आठ वर्षांची आहे. तिला दम्याचा त्रास आहे आणि वाफ घ्यायचं मशीन विजेवर चालतं.

लाइट आता रोज येते. गिऱ्हाईक वाढलंय, नव्याची नवलाई असेल. एक गंमत आहे. एसोसा हल्ली पंखा फिरायच्या थोडी आधीच ओरडते. पोरांचे कान तिखट असतात.

२५ सप्टेंबर

रात्रभर पाऊस पडला. सकाळी खांबाच्या बुंध्याशी डबक्यात एक बकरी मरून पडली होती, पाय ताठ झालेले. मी दार लावायला गेले तर लोखंडी कडीने कोपरापर्यंत झटका दिला. खोलीत जळक्या केसांचा वास येतोय.

तशीच वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणाला, बाई, त्या गल्लीची लाइन आम्ही कधीच तोडलीय, त्या खांबावर वीजच नाही. म्हटलं, साहेब, मग मेलेल्या खांबाने बकरी कशी मारली? तो म्हणाला, बकरीला काय टेन्शन असेल ते आम्ही कसं सांगणार. सगळे हसले. पण माझा अवतार बघून दोन माणसं पाठवली. त्यांनी शिडी लावून तपासलं, तारेत काही नाही म्हणाले, आणि माझ्या घराकडे येणारी तार कापून गुंडाळून घेऊन गेले.

मला बरं वाटलं. काही दिवस कोळशाची इस्त्री वापरीन. पोरीचा हात त्या कडीला लागण्यापेक्षा ते परवडलं.

२७ सप्टेंबर

लाइट आली.

तार नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं, खांबापासून माझ्या भिंतीपर्यंत नुसती हवा आहे. आणि आत पंखा फिरतोय, एसोसा टाळ्या पिटतेय, आली आली म्हणून नाचतेय.

मी बघत असतानाच खांबाच्या टोकाला ठिणगी उडाली. मग थोडी खाली, मग आणखी खाली. जणू कुणी हात बदलत उतरत होतं. शेवटची ठिणगी भिंतीवर पडली. तिथे काळा डाग उठलाय. मी त्यावर माझा पंजा धरून पाहिला. तो माझ्या पंजापेक्षा मोठा आहे, पण बोटं पाचच.

१ ऑक्टोबर

डाग आत आलेत. पहिला खिडकीशी, दुसरा कपाटावर. एसोसा ओरडली की दर वेळी एक नवा. आजचा पलंगाच्या वर आहे.

पोरीला समजावलं, रागावले, एक चापट मारली. ती रडली आणि रडता रडता पंखा फिरला, तशी हसून ओरडली. तिचा काय दोष? तिला कुणी श्वास घेऊ नको म्हटल्यासारखंच ते.

२ ऑक्टोबर

आज उवाच्या आईला तिच्याच दारात गाठलं आणि सांगितलं, खरं काय ते बोल, नाहीतर इथेच बसते.

ती बोलली. या गल्लीत लाइट बिघडली की कंपनीची वाट कुणी बघत नसे. फेस्टस नावाचा पोरगा होता. हाक मारली की चपला काढून खांबावर चढायचा. त्या दिवशी तो वर होता, आणि माझ्या या खोलीत राहणाऱ्या न्हाव्याने आपला छोटा जनरेटर सुरू केला. असल्या जनरेटरला आमच्याकडे सगळे चेष्टेने ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ म्हणतात. बाहेरच्या तारेचा खटका त्याने पाडलाच नाही. जनरेटरची वीज उलटी खांबावर चढली. गल्लीतले दिवे लागले. वर ठिणग्या उडाल्या.

आणि आम्ही ओरडलो, ती म्हणाली. आली आली म्हणून नाचलो. मी स्वतः उवाला कडेवर घेऊन टाळ्या वाजवल्या. तो वर चिकटून जळत होता, आणि बराच वेळ मान वर करून कुणी बघितलंच नाही.

फेस्टसला अजून वाटतं, काम संपलेलं नाही. कुणी खुशीने ओरडलं की तो त्या आवाजाकडे लाइट घेऊन निघतो, रोज थोडा जवळ. वाटेत सगळ्या गल्लीला लाइट मिळते. आणि पोहोचला की ज्याचा आवाज आधी ऐकू येईल त्याला धरतो.

म्हणून इथे कुणी ओरडत नाही. म्हणून लेकुरवाळीला भाडं कमी.

मी तिला विचारलं, तुला लाज नाही वाटली? माझ्या पोरीला अकारे भरवत होतीस. ती म्हणाली, वाटली ना. पण लाइट नसली की माझी उवा निळी पडते. तुला एकच आहे तशी मलाही एकच आहे.

मी तिच्या तोंडावर थुंकले. तिने पुसलंसुद्धा नाही.

निघताना मागून म्हणाली, न्हाव्याचं पोरगं वाचलं. त्याच्या आधी त्याची आई ओरडली. घाबरून नव्हे, घाबरलेला आवाज फेस्टसला ऐकू येत नाही. हसत ओरडली म्हणे.

३ ऑक्टोबर

पहाटेच्या गाडीने माहेरी आले. मशीन, पलंग, सगळं सोडलं. इथे वीज नाही आणि कधी नव्हतीच. निवडणुकीच्या वेळी पुढाऱ्यांनी खांब रोवले, एकावर दिवा लावून फोटो काढले आणि गेले. तार आलीच नाही. बायका त्या खांबांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधतात. हे खांब बघून मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं.

आईने एसोसाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, वाळून काडी झालीस, आधी जेव, मग काय ते सांग.

५ ऑक्टोबर

दिवा लागला.

शाळेसमोरच्या खांबावरचा, बिनतारेचा. संध्याकाळी सगळा गाव अंगणात होता. गाव वेडा झाला, म्हातारे नाचले, कुणी कोंबडी कापली. सगळे ओरडले. पण पहिली एसोसा. दिवा लागायच्या आधी. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होत गेला.

६ ऑक्टोबर

खांबावर पंजे आहेत. वरून खाली, जमिनीपर्यंत. मग आमच्या वाटेवर, गवत जळालंय.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटतं मला ताप आहे.

८ ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते. आज एसोसाच्या तोंडावर फडकं बांधलं. आईने ते सोडवलं आणि मला घराबाहेर काढलं. पण त्याआधी दिवा लागला होता. पोर फडक्याच्या आतूनही ओरडली. डोळे हसत होते.

पंजा आता ओसरीच्या तुळईवर.

९ ऑक्टोबर

याहून लाजेचं लिहिते. आज शेजारची पोरं अंगणात बोलावली. खाऊ दिला. म्हटलं, बघू कोण आधी ओरडतं. सगळ्यात धाकटा ओसारोबो, दात पडलेला, म्हणाला मीच, मावशी, मीच.

आणि डोळ्यांपुढे मला उवाची आई दिसली. दारात उभी, मान खाली.

सगळ्यांना हाकललं. ओसारोबो रडत गेला. रडू दे. घरी जाऊन रड, बाळा.

१० ऑक्टोबर

मी ओरडले. एसोसाच्या आधी ओरडले, घसा फुटेस्तोवर. काही झालं नाही. माझ्या आवाजाकडे तो फिरकलाच नाही. मागून एसोसा हसली आणि दिवा —

पंजा चौकटीवर आहे. खाली. एसोसाच्या डोक्याच्या उंचीवर. यापुढे भिंत नाही, फक्त ती आहे.

खुशीने ओरडायला हवं. कुठून आणू?

११ ऑक्टोबर

दिवस कलतोय. एसोसाला आईच्या मांडीवर बसवलंय, चुलीपाशी. मी उंबऱ्यात, मध्ये. एक हात चौकटीवर, त्या पंजावर. दुसऱ्याने लिहितेय. आईला सांगितलं, काहीही झालं तरी मला हात लावायचा नाही, पोरीलाही लावू द्यायचा नाही. ती काय वेडेपणा म्हणाली, पण माझा चेहरा बघून तिने पोरीला घट्ट धरलं.

छपराचे पत्रे गुणगुणायला लागले. जळक्या केसांचा वास.

सकाळपासून खुशी शोधतेय. लग्न आठवलं, नाही. नवऱ्याचा पहिला फोन, नाही. न्हाव्याची बायको काय आठवून हसली असेल —

एसोसाने मान वर केली. तिला कळलं. तिला नेहमी आधी —

ती मोठी झालेली दिसतेय मला. उंच. माझ्याच मशीनवर बसलीय, पाय पोचतात, कुणाला तरी दटावतेय, माझ्यासारखीच तोंडाळ. जिवंत. केस पिकलेत तिचे, अगं बाई, माझ्या पोरीचे केस पिकलेत —

हसू येतंय. खरंच येतंय, देवा, हात गरम —

तिने तोंड उघडलंय. मी पण. आ