ओरिजिनल टोन

४ जानेवारी, रविवार
संघपालचा फोन. १४ एप्रिलला डोणगावात त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम. म्हणाला, "भागवत, आमचा गिटारवाला पुण्याले गेला. तू येतं काय बे?"
येतं काय! अख्ख्या खामगावात टोन कळणारा माणूस एकच, आणि तो आत्ता ही डायरी लिहितोय. हो म्हणालो. अट एकच. कॉपी पेडलवर वाजवणार नाही.
बायको, अश्विनी, पेडलला डबी म्हणते. पायाने दाबली की गिटार गुरगुरते, एवढंच तिला ठाऊक.
संकल्प: रोज दोन तास रियाज. उद्यापासून.

११ जानेवारी
रिहर्सलला गेलो नाही. माझ्याकडे सध्या चायनीज कॉपी आहे. कॉपीवर सराव केला की बोटांना कॉपीची सवय लागते. हे ऑर्केस्ट्रावाल्यांना कोण समजावणार? त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा आवाज म्हणजे सगळ्यात चांगला आवाज.
रियाजही त्याच कारणाने स्थगित.

२६ जानेवारी
सापडला! ओरिजिनल पेडल. ऐंशीच्या दशकातला, जपानी, हिरवा. मुंबईचा एक संग्राहक विकतोय. अशा ओव्हरड्राइव्ह पेडलसाठी जगभरात माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत.
नवी बाईक रद्द. चालणं तब्येतीला चांगलं. अश्विनी काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१२ फेब्रुवारी
आला. चारही कोपऱ्यांना गंज. कॉपीने असा गंज आणून दाखवावा!
अश्विनी म्हणाली, "भंगारवाल्याकडून आणला काय हो?" झेडपी शाळेत मुलांना गाणी शिकवते ही बाई. म्हणून शिक्षणाची ही अवस्था.
एक कॉर्ड वाजवली. अर्धा तास डोळे मिटून बसलो. दुसरी वाजवली नाही. पहिलीचा अपमान झाला असता. मध्ये थोडी खरखर येते, पण ती काळाची खरखर आहे.
कॉपी आणि जुनी गिटार अश्विनीला देऊन टाकली. तिला चार कॉर्ड येतात. पुरे.

१५ मार्च, रविवार
शेवटी रिहर्सलला गेलो. आधी सगळ्यांना पेडलच्या आतली चिप समजावली. ढोलकीवाला चहा प्यायला गेला तो आलाच नाही. मग वाजवलं. टोन असा, की मलाच भरून आलं.
संघपाल म्हणाला, "टोन लय भारी हाये गड्या. पण तू गाणं कोणतं वाजवून राह्यला?"
गाढवापुढे वाचली गीता.
संकल्प: उद्यापासून गाणी पाठ.

२८ मार्च, शनिवार
गाणी अजून पाठ नाहीत. टोन पक्का झाला की सुरावट आपोआप येते.
आज ऑफिसातून लवकर सुटलो. जिन्यात पाऊल टाकलं आणि थबकलो. वरून तोच आवाज! उबदार, जरासा घोगरा, आणि एक सूर लांबत लांबत विरघळणारा. गेली कित्येक वर्षं मी ज्याच्या मागे आहे, अगदी तोच. माझ्या ओरिजिनलला कोणी हात लावला, म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत वर धावलो.
अश्विनी वाजवत होती. पायाखाली चायनीज कॉपी. ओरिजिनल कपाटात, कापसात गुंडाळलेला, जागच्या जागी.
म्हणाली, "मोबाईलवर पाहून शिकते रोज. तुम्ही झोपता तवा. बरं वाटते."
जिन्याच्या भिंतींमुळे आवाज फसवा येतो. बाकी काही नाही.

५ एप्रिल, रविवार
संघपाल चहाला आला. मी ओरिजिनल दाखवत होतो. तो मात्र आतल्या खोलीत वाजणाऱ्या अश्विनीच्या गिटारकडे कान लावून. कप तसाच खाली ठेवला आणि आत गेला.
बराच वेळ दोघांच्या बोलण्याचा आवाज. मग तो बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भागवत, वाईट वाटून घेऊ नको भाऊ. वहिनीले घेऊन जातो आम्ही."
म्हणालो, खुशाल न्या. मला तसंही कॉपीच्या जमान्यात वाजवायचं नाही.
अश्विनीने दारातून पाहिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, मंगळवार
डोणगाव. मोठेपणा दाखवून निघताना तिला ओरिजिनल देऊ केला. म्हणाली, "राहू द्या हो. खरखर करते तो."
कार्यक्रम समितीच्या गुलाबरावांनी मला विचारलं, "तुम्ही काय वाजवता?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात संघपालच म्हणाला, "हे मॅडमचे मिस्टर." मला खुर्ची मिळाली.
अश्विनी निळ्या साडीत. पहिल्या गाण्यात तिने तारांवरून नजर उचलली नाही. दुसऱ्याला समोर बघू लागली. तिसऱ्याला तिने एक सूर असा धरला की मागे उभी असलेली पोरंसुद्धा गप्प झाली. माझ्या अंगावर काटा आला. कोणत्या पेडलवर, ते आठवलंच नाही.
सूर संपला. मी उठून जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.
गुलाबरावांनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "दम धरा भाऊ. गाणं चालू हाये अजून."