आवाज ठेवायला घेतलेली डिस्क

५ फेब्रुवारी, रविवार

आले एकदाची. दोन बॅगा, शिलाई मशीन आणि ताईने बळंच दिलेली पातेली, एवढा माझा संसार एका टेम्पोत मावला आणि वर जागा उरली. सदतिसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या बाईने फार लाजू नये म्हणतात, पण जिना चढताना पदर दोनदा सारखा केलाच. जिनाच चढावा लागला, कारण लिफ्ट बंद. ह्यांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा आणि स्वतःच्याच इमारतीतली बंद! मी हसले, तर म्हणाले, सुताराच्या घरची खुर्ची मोडकीच असायची.

ह्यांच्या मुलीने घर दाखवलं. तिला सगळे चिमणी म्हणतात. पाचवीत आहे. कुठलं दार ओढून लावायचं, कुठल्या फरशीवर पाय घसरतो, सगळं नीट सांगितलं. शेवटी विचारलं, तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल ना? चालेल म्हटलं. आई म्हण असं सांगून थोडंच कुणी म्हणतं.

हॉलच्या कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर आहे, पिवळा पडलेला, वर धुतलेला टॉवेल पांघरलेला. तो चिमणीच्या आईचा. आजारपणाच्या शेवटच्या वर्षी तिने त्यात लेकीसाठी स्वतःचा आवाज भरून ठेवला. गोष्टी, पाढे, वेणी कशी घालायची ते. चिमणी शाळेतून आली की आधी ते ऐकते, मग जेवते. हे कधीच ऐकत नाहीत. तेवढ्यापुरते गॅलरीत जाऊन उभे राहतात.

मला वाईट वाटलं नाही. घरात माझ्यापुरती जागा आहे, असंच वाटलं.

८ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यातली माझी काउंटरची नोकरी दुपारपर्यंतच असते, त्यामुळे चिमणी येते तेव्हा मी घरी असते. आज तिने कॉम्प्युटर लावला तर पडदा निळा झाला आणि तसाच राहिला. ती रडली नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून खुर्चीत बसून राहिली. ताट वाढलं, हात लावला नाही. संध्याकाळी केव्हातरी तो आपला आपण सुरू झाला, तेव्हा कुठे बूट काढले.

हे म्हणाले, एक दिवस तो दगावणारच. बोलताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मीच म्हटलं, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेऊ. सगळं तिच्यात उतरवून ठेवलं की कॉम्प्युटर गेला तरी आवाज राहील. चिमणीने माझ्याकडे असं पाहिलं की लग्न केल्याचं सार्थक झालं.

११ फेब्रुवारी, शनिवार

दोघी दुकानात गेलो. दुकानदार बोलका. मी सगळ्यात मोठी डिस्क उचलली, तर म्हणाला, ताई, म्हाताऱ्याला पैलवानाचा खुराक देऊ नका, तुमचा कॉम्प्युटर एवढी मोठी ओळखणारच नाही. सगळ्यात छोटी सुबक होती, पण ती कॉम्प्युटरकडूनच वीज ओढते आणि जुन्या यंत्राला तो ताण पेलत नाही, मध्येच बंद पडते. पेन ड्राइव्ह हरवायची भीती. शेवटी मधल्या आकाराची घेतली, वेगळा प्लग असलेली. कॉम्प्युटर बंद असला तरी हिचा दिवा चालू राहील, त्याने बिचकू नका म्हणाला. जुना कॉम्प्युटर वाचू शकेल अशी तयार करूनही दिली.

रस्ता ओलांडताना चिमणीने माझं बोट धरलं. पलीकडे गेल्यावर सोडलं. पण धरलं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर उतरवणं चाललं. कासवाची चाल. चिमणीने एकेक लावून खात्री केली आणि मी तिच्या आईचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. जरा बसका. वाक्य संपायच्या आधीच ती हसते, जणू पुढचं आपल्याला माहीतच आहे. माझे डोळे भरून आले, ते चिमणीने बाहीने पुसले.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

डिस्कमध्ये एक फाइल जास्तीची दिसली. कॉम्प्युटरवर ती नाही. तारीख कालची.

लावली. काल रात्रीचं आमचं जेवण होतं. वाट्यांचा आवाज. ह्यांनी सांगितलेली लिफ्टमध्ये अडकलेल्या वकिलाची हकीकत. चिमणीचं हसणं. मग मी विचारलं होतं, अजून थोडा भात वाढू का? शब्द तेच होते. आवाज चिमणीच्या आईचा.

कॉम्प्युटरचा माइक शोधला. तो मोडला म्हणून केव्हाच टाकून दिला, असं चिमणी म्हणाली.

हे आल्यावर त्यांना ऐकवलं. वाटलं, ते डिस्क उचलून फेकतील. ते खाली बसले, फरशीवरच. मग म्हणाले, पुन्हा लाव.

१९ फेब्रुवारी, रविवार

रोज एक फाइल येते, आदल्या दिवसाची. हे आता गॅलरीत जात नाहीत. चिमणीच्या शेजारी स्टूल घेऊन बसतात. बापलेक इतके जवळ बसलेले मी पहिल्यांदा बघते आहे. कशी मोडू ती बैठक?

मला भीती वाटते असं ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, भिण्यासारखं काय आहे त्यात, ती कुणाचं काय वाईट करणार? खरंच आहे. तिने काही वाईट केलेलं नाही.

जेवताना मी गप्प होते. चिमणी म्हणाली, मावशी, बोला ना काहीतरी. हेही म्हणाले, हो, बोल की, लहानपणीचं काहीतरी सांग. मी सांगत गेले. दोघं कान देऊन ऐकत होते, पण डोळे माझ्यावर नव्हते. मग कळलं. मी जितकं बोलेन, तितकी उद्याची फाइल मोठी होणार.

तरी बोलत राहिले. ताटं वाळेपर्यंत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

घसा बसलाय. सर्दी नाही, ताप नाही.

दुपारी ताईला फोन केला. मी हॅलो म्हटलं. ती म्हणाली, कोण बोलतंय? धाकटीला द्या ना फोन. मी म्हटलं, अगं मीच. ती फार सभ्यपणे म्हणाली, बाई, तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण माझ्या बहिणीचा आवाज मी ओळखते.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

प्लग काढला. डिस्क कपाटात ठेवली, कपड्यांखाली. चिमणी आली, रिकामी वायर पाहिली. विचारलं नाही, भांडली नाही. दप्तर पाठीवर घेऊन बसली. ह्यांनी आल्यावर तिच्याकडे पाहिलं आणि गॅलरीत गेले.

माझ्याच हातांनी पुन्हा जोडली. दहा वर्षांचं पोर उपाशी बसलं तर काय करायचं?

आदल्या दिवसाची नव्हे, आजचीच फाइल होती. बंद डिस्कमध्ये. कपाटाचं दार, कपड्यांची सळसळ, आणि तिच्या आवाजात माझं रडणं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

लग्नाआधी ताईला पाठवलेले माझे निरोप मोबाइलवर होते. माझा आवाज कसा होता ते ऐकायला लावले. सगळे तिच्याच आवाजात. तीन वर्षांपूर्वीचेसुद्धा. बाबांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओतही मी बोलते ते —

दवाखान्यात नंबर पुकारताना मध्येच हसले. वाक्य संपायच्या आधी. हसण्यासारखं काही नव्हतं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

चिमणी धावत आली. आई, भूक लागली, म्हणाली. मान वर न करता, बूट काढता काढता.

किती वाट पाहिली होती या शब्दाची. ताट वाढलं. ती जेवली, पोटभर. आज कॉम्प्युटर लावलाच नाही तिने. गरज नाही म्हणाली.

संडासात जाऊन रडले. आवाज न करता. आवाज करायची भीती —

२८ फेब्रुवारी

ह्यांनी हाक मारली, तिच्या नावाने. मी ओ दिली. आधी ओ दिली, मग कळलं.

वेणी घालायला बसले तर चिमणीच्या केसांत हात आपोआप — मला चार पेडांची येत नव्हती कधी —

ताई फोन उचलत नाही.

१ मार्च

बरे आहेत दोघं. हे लिहायला हवं. हे गुणगुणतात. चिमणीच्या गालांवर रंग आलाय. मी गेले तर हे सगळं —

बॅग भरली होती. उघडून कपडे पुन्हा लावून ठेवले. घडी माझी नाही. मी अशी घालत नाही.

२ मार्च

दुपार. बोलून पाहिलं, एकटीच. माझा आवाज आला नाही. तिचाही नाही. नुसता वारा.

लिहिता येतंय अजून. म्हणून इथे —

जिन्यावर चिमणीची पावलं. दार. आई, म्हणाली. मी इथे टेबलापाशीच आहे, तोंड उघडलं, पण माझ्याआधी स्वयंपाकघरातून तोच बसका आवाज, आले गं — हसली — आणि चिमणी माझ्यासमोरून धावत गेली, माझ्याकडे न —