मंगळवारची मूर्ती कोणालाही नाही

मी, श्रीमती क्षमा मधुकर टिपणीस, वय ६८, राहणार मुलुंड (पूर्व), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी मुलगा यज्ञेश व मुलगी गंधाली यांना समसमान. यावर वाद नको.

२. शिलाई मशीन, कात्री व बॉबिनचा डबा शेवंतीला. माझ्या घरी काम करता करता ती माझ्यापेक्षा चांगले ब्लाउज शिवायला शिकली.

३. देव्हाऱ्यातील संगमरवरी गणपती कोणालाही नाही. दीर चंद्रप्रकाश ती आपल्या आईची मूर्ती म्हणून मागतात. यज्ञेशला मूर्तीच्या नावे ट्रस्ट काढायचा आहे. मूर्ती नवसाला पावते म्हणून दर मंगळवारी दारात लोकांची रांग लागते, म्हणून आता खरं लिहिते.

१९९७ साली यज्ञेश नऊ वर्षांचा होता. ताप उतरेना. हे नागपूरला होते आणि सासूबाई पनवेलला. मी दिरांना म्हटलं, "भावोजी, रिक्षा आणता का, दवाखान्यात नेऊ या." ते म्हणाले, "वहिनी, आईच्या गणपतीला साकडं घाला. डॉक्टर कशाला?" हे मी विसरलेले नाही.

साकडं घालण्याआधी स्नान घालताना मूर्ती हातातून निसटली. सोंड तुटली, दोन तुकडे झाले. मी रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "देवा, तू या दगडापुरताच असलास तर माझं संपलं. नसलास तर माझ्याबरोबर चल." मग पोराला खांद्यावर टाकून मीच रिक्षा गाठली. टायफॉइड निघाला. नवव्या दिवशी तो चालत घरी आला.

सासूबाईंच्या धाकाने मी कोणालाही न सांगता तुकडे खाडीत सोडले आणि दुकानातून तशीच मूर्ती आणून बसवली. त्या परतल्यावर म्हणाल्या, "बघ, माझ्या गणपतीने नातू राखला." मी गप्प राहिले. तो गप्पपणा माझा अपराध आहे. नवसाची रांग त्यातूनच लागली. लोकांची कामं झाली असतील, ती देवाने केली. दुकानातल्या मूर्तीने नाहीत.

४. म्हणून माझ्यानंतर तेरा दिवसांच्या आत गंधालीने मूर्तीचं विसर्जन करावं. मूर्तीच्या नावे कोणी ट्रस्ट काढला किंवा दानपेटी ठेवली, तर त्याचा हिस्सा दुसऱ्या भावंडाला जाईल. यज्ञेश, हे तुझ्यासाठीच आहे.

५. चंद्रप्रकाश यांना ह्यांचं मनगटी घड्याळ द्यावं. राग आहे, पण घड्याळ भावाचं आहे.

६. मृत्युपत्राची अंमलबजावणी गंधालीने करावी.

काल हे सगळं यज्ञेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, मंगळवारी लोक येतील. त्यांना काय सांगू?"

"देव आहे म्हणून सांग," मी म्हटलं. "आणि घरी जा म्हणावं, तो तिथेही ऐकतो."

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खालील दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केली.

सही: क्षमा मधुकर टिपणीस

साक्षीदार:
१. दीप्ती कारखानीस, शेजारी
२. डॉ. राजेश सबनीस, आमचे डॉक्टर

मुलुंड (पूर्व), मुंबई
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५